सात नंबरचा फणस

एका जंगलात, आता कुठल्या ते विचारू नका, सांगितलं तर तिथले लोक माझ्याशी भांडायला येतील, नऊ फणस एका रांगेत उभे होते. रांगेतल्या सातव्या फणसाच्या ढोलीत एक म्हातारी खार राहायची. तिचं नाव सोनाक्का. तिची एकुलती एक लेक शेपू.

सोनाक्काचा जन्म त्याच फणसावरचा. लग्न त्याच फणसावर झालं. नवराही त्याच फणसावरून घसरून गेला. त्यामुळे दुसऱ्या झाडावर राहायला जाणं म्हणजे तिला परदेशच.

तर बाळांनो, एके वर्षी त्या फणसाच्या खोडातून डिंक गळायला लागला. आधी थेंब थेंब, मग ओघळ. साल काळी पडली. पानं पिवळी होऊन गळू लागली. बाकीच्या आठ फणसांचीही तीच गत झाली, पण सातव्याची जास्त.

"झाड जाणार गं आपलं," सोनाक्का म्हणाली.

"मी बरं करीन, आई," शेपू म्हणाली. "शिकून येते."

आता तुम्ही म्हणाल, झाड आजारी असताना शिकायला कुठं जायचं? गप्प बसा. मोठ्या माणसांची हीच पद्धत असते. घरात कोणी आजारी पडलं की ती आधी प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरतात.

त्या जंगलात एक विद्यापीठ होतं. तिथं वनस्पती रोगशास्त्र शिकवायचे. म्हणजे झाडांचे आजार. पदवी शेपूची आधीच झाली होती, आता पदव्युत्तर. तिला मार्गदर्शक मिळाले घोरपडे सर. घोरपडे सर जातीनं घोरपड, आणि स्वभावानंही. एकदा खुर्चीला चिकटले की दोर लावून ओढलं तरी सुटत नसत.

"सर, आमच्या फणसाला काय लावू?" शेपूनं पहिल्याच दिवशी विचारलं.

सर खो खो हसले. "लावू? अगं, झाडाला रोग झालाय की नाही तेच अजून माहीत नाही!"

"डिंक गळतोय, सर."

"ते तुझ्या आईला दिसतंय. शास्त्राला अजून दिसलेलं नाही. आधी वाच."

शेपूनं एक वर्ष वाचलं. आजवर कोणी कोणी डिंकाविषयी काय काय लिहिलंय ते सगळं. त्यात तिला कळलं की डिंक गळतो यावर सर्वांचं एकमत आहे.

मग प्रयोगशाळा. फणसाच्या सालीचा तुकडा आणायचा, त्यातली बुरशी काचेच्या बशीत वाढवायची. मग ती बुरशी धडधाकट रोपाला लावायची. रोप आजारी पडलं, की टाळ्या. शेपूचं रोप आठव्या दिवशी आजारी पडलं. अख्ख्या विभागाला चहा मिळाला. शेपूही नाचली. बुरशीवर तिचा इतका जीव जडला की आईचा निरोप आला, "कधी येतेस?" तर हिचं उत्तर, "बुरशी एकटी आहे गं, कशी येऊ?"

सोनाक्कानं तो निरोप शेजारणीला दोनदा वाचून दाखवायला लावला. तिला वाटलं, बुरशी ही शेपूची मैत्रीण असावी.

शेवटी एकदाचा प्रयोगाचा दिवस आला. आपल्याच नऊ फणसांवर प्रयोग करायचा, असं शेपूनं हट्टानं मंजूर करून घेतलं होतं. तीन झाडांना मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप. तीन झाडांना कडुलिंबाचा अर्क. आणि तीन झाडांना काहीही नाही.

"काहीही नाही म्हणजे?" सोनाक्कानं विचारलं. त्या दिवशी ती ढोलीच्या तोंडाशी बसून सगळं ऐकत होती.

"म्हणजे त्यांच्याकडे नुसतं बघत बसायचं, आई. त्यांना कंट्रोल म्हणतात. काही न लावल्यावर झाडाचं काय होतं ते कळायला हवं ना?"

"ते मला माहितीय. मरतं."

"पण आकड्यात कळायला हवं."

कुठल्या झाडाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. शास्त्रात तसाच नियम आहे, नाहीतर जो तो आपल्या घरच्या झाडाला आधी लावेल. घोरपडे सरांनी स्वतः चिठ्ठ्या उचलल्या. एक नंबर, लेप. दोन नंबर, अर्क. शेपूनं शेपटी तोंडात धरली होती. सात नंबरची चिठ्ठी निघाली.

कंट्रोल.

"सर," शेपू म्हणाली. "ते आमचं घर आहे. सातची आणि एकची चिठ्ठी बदलू या ना."

सरांनी चष्मा काढला. "शेपू, शास्त्राला आई नसते."

शेपूनं वहीत सातपुढे कंट्रोल लिहिलं. पोरीला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण बाळांनो, तिला थोडंसं बरंही वाटलं. आपण किती निःपक्षपाती आहोत, असं. हा फार वाईट रोग आहे. त्याच्यावर अजून कोणी लेप शोधलेला नाही.

मग दर आठ दिवसांनी शेपू यायची. नऊही खोडांना आजाराचे गुण द्यायची, शून्य ते पाच. शून्य म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे आटोपलं. लेपाच्या झाडांचा डिंक थांबत आला. अर्काची झाडं कुंथत कुंथत सुधारत होती. सात नंबरला तिनं आधी तीन दिले, मग साडेतीन, मग चार. चारचा आकडा लिहिताना तिनं वर बघितलं नाही. वर आई होती.

"शेजारच्या झाडाला लावतेस," सोनाक्का एकदा म्हणाली, "मग आपल्याला लावायला तुझा हात मोडतो का?"

"दोन महिने थांब, आई. प्रबंध होऊ दे. मग पहिला लेप आपल्याच झाडाला."

"दोन महिने झाड थांबेल का, ते त्याला विचारलंस?"

शेपू घाईत होती. तिला विभागात चर्चासत्र होतं. ती गेली. घाईघाईत उरलेल्या लेपाची करवंटी सात नंबरच्याच बुंध्याशी विसरली.

पुढचे तीन आठवडे विद्यापीठात परीक्षा. शेपूला येता आलं नाही. चौथ्या आठवड्यात आली आणि बघते तर काय! सात नंबरचं खोड बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत निळं. जाडजूड, मायेनं थापलेला लेप, त्यावर सोनाक्काच्या पंजांचे ठसे. डिंक बंद. आणि शेंड्याला कोवळी, तेलकट हिरवी पालवी.

शेपूला रडू कोसळलं.

"रडतेस काय वेडे?" सोनाक्का सरसर खाली आली. "वाचलं झाड! बघ, पालवी बघ!"

तिला वाटलं, लेक आनंदानं रडतेय. तसं असतं तर मी ही गोष्ट सांगायलाच बसलो नसतो. शेपू रडत होती कारण तिचा कंट्रोल गेला होता. दोन वर्षं पाण्यात. तिनं नखं काढली आणि खोडावरचा लेप खरवडायला सुरुवात केली.

एक पापुद्रा निघाला. दुसरा निघाला. मग तिला आईचे पाय दिसले. आई नुसती बघत उभी होती.

"तुझ्या त्या वहीत," सोनाक्का म्हणाली, "तुलाच किती गुण देशील गं आता?"

शेपूची नखं तिथंच थांबली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की खोडाला तोंड लावून ती हमसाहमशी रडली. पण हे रडणं वेगळं होतं. सोनाक्कानं तिची पाठ थोपटली आणि लेकीनं खरवडलेल्या जागी ओली माती लावली.

झाडाचं भागलं. पदवीचं काय? शेपू घोरपडे सरांपुढे उभी राहिली आणि तिनं खरं ते सांगितलं.

"बरं झालं? कंट्रोल?" सर हादरले. "कोणाला विचारून?"

"आईनं लावलं, सर."

सर बराच वेळ भिंतीला चिकटून विचार करत राहिले. मग म्हणाले, "त्यात काय एवढं. मृत लिही."

"पण ते जिवंत आहे!"

"जिवंत झाड आलं की प्रश्न येतात. कसं जगलं, कोणी जगवलं, मार्गदर्शक काय करत होते. मेलेल्या झाडाला कोणी काही विचारत नाही. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. नवीन झाडं, नवीन बुरशी, अजून दोन वर्षं."

शेपूनं रात्रंदिवस केलेली दोन वर्षं डोळ्यांपुढे आणली. आणि लिहिलं. पान त्र्याऐंशी. सात नंबरचा फणस : मृत.

तोंडी परीक्षेला बाहेरून बगळे सर आले होते. ते एका पायावर उभे राहून, डोळे मिटून ऐकत होते. पान त्र्याऐंशीला त्यांनी एक डोळा उघडला.

"सातचं काय झालं?"

"वारलं, सर," शेपू पुटपुटली.

"वा! लेप लावला ती जगली, नाही लावला ते गेलं. किती स्पष्ट निष्कर्ष! कंट्रोल असावा तर असा."

शेपूला सुवर्णपदक मिळालं. आणि विद्यापीठाच्या रोगनिदान केंद्रात नोकरीही. केंद्रात टेबल होतं, शिक्का होता. राहिलेल्या दोन कंट्रोल फणसांचं काय, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. सोनाक्कानं करवंटीतला तळाचा लेप पाणी घालून पातळ केला आणि त्यांनाही फासून टाकला. तीही सुधारली.

आता प्रबंध. एकशे चाळीस पानं. लेप कसा करायचा, कधी लावायचा, सगळं त्यात नीट लिहिलेलं. ती पानं कोणी वाचली नाहीत. पण जंगलखात्याच्या एका कारकुनानं मेलेल्या झाडांची यादी करायची म्हणून नेमकं पान त्र्याऐंशी उघडलं. अख्ख्या प्रबंधातली तेवढी एकच ओळ वाचली गेली, आणि नेमकी तीच खोटी होती.

वैशाखात भीमण्णा आला. भीमण्णा म्हणजे खात्याचा पाडकामाचा हत्ती. त्याच्या सोंडेत कागद होता. सात नंबरचा फणस मृत. कोसळण्याचा धोका. तात्काळ पाडणे.

बातमी कळताच शेपू टेबल, शिक्का सगळं सोडून धावत सुटली. ती पोचली तेव्हा भीमण्णानं बुंध्याला कपाळ टेकलं होतं. ढोलीत सोनाक्का बसून होती. ती काही केल्या उतरायला तयार नव्हती.

"थांबा!" शेपू ओरडली. "झाड जिवंत आहे! फणस लागलेत, दिसत नाहीत का?"

"दिसतात की," भीमण्णा म्हणाला. "वासही येतोय. पण मला बघायला नाही पाठवलं, ताई, पाडायला पाठवलंय. जिवंत असल्याचा तज्ज्ञाचा दाखला आणा, मी चाललो माघारी."

"मीच तज्ज्ञ!"

"मग मेलंय असं कोणी लिहिलं?"

शेपूनं वर ढोलीकडे बघितलं. "मीच लिहिलं. खोटं लिहिलं. माझी पदवी घ्या, हे पदक घ्या, पण झाडाला हात लावू नका!" तिनं गळ्यातलं पदक काढून त्याच्या पायाशी ठेवलं. खरंच ठेवलं. त्या क्षणी तिला पदवीची काडीचीही पर्वा नव्हती.

भीमण्णानं कान हलवले. तो जुना नोकर होता. "ताई, नीट ऐका. खोटं लिहिलं म्हटल्यावर पदवी गेली. पदवी गेली की तुम्ही तज्ज्ञ नाही. तज्ज्ञ नाही, तर तुमचा दाखला चालणार नाही. दाखला नाही, म्हणजे झाड मेलेलंच. आता बोला."

दोन वर्षं शिकून शेपूला याचं उत्तर येत नव्हतं.

"भीमण्णा," वरून सोनाक्काचा आवाज आला, "सकाळपासून काही खाल्लंस का रे बाबा?"

"कुठलं, आक्का. उपाशीच निघालो."

सोनाक्का फांदीवर गेली. तिनं एका पिकल्या फणसाचा देठ कुरतडला. धप्प! फणस खाली येऊन फुटला, पिवळेधमक गरे बाहेर आले. भीमण्णानं एक गरा खाल्ला. मग अख्खा फणस खाल्ला. मग दुसरा मागितला नाही, पण वर बघितलं. सोनाक्कानं दुसराही पाडला.

"कापा आहे," भीमण्णा डोळे मिटून म्हणाला. "मधासारखा."

"अजून अकरा आहेत. पुढच्या आठवड्यापासून पिकायला लागतील. दरवर्षी लागतात."

भीमण्णानं सोंड पुसली. कागद सरळ केला आणि खाली लिहिलं : आदेशाप्रमाणे झाड पाडले.

"अहो पण ते तर उभं आहे!" शेपू म्हणाली.

"कागदावर मेलेलं झाड कागदावरच पाडायचं, ताई. आता ते यादीतून गेलं. पुन्हा त्याला पाडायला कोणी येणार नाही. इथं साक्षीला तज्ज्ञाची सही लागेल."

शेपूनं पेन घेतलं, पण तिचा हात पुढे होईना. आणखी एक खोटं. यावेळी मात्र तिनं वर बघितलं. आई फांदीवर बसून शेपटी झटकत होती.

"कर गं सही," सोनाक्का म्हणाली. "मारायची केलीस ना बिनबोभाट? मग ही जगवायची आहे."

शेपूनं सही केली. मग ती झाडावर चढली आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून पडून राहिली. संध्याकाळपर्यंत कोणी तिला उठवलं नाही.

तात्पर्य : ज्या झाडाला निरोगी दीर्घायुष्य हवं असेल, त्यानं होईल तितक्या लवकर कागदावर मरून घ्यावं. आणि पोरांनो, खूप शिका, मोठे व्हा. फक्त औषध कुठं ठेवलंय ते आईला दिसू द्या.