परवाच्या कबान्याची हकिकत

श्रीसागर साक्ष. हुजूर आज्ञा जाहली की, बोटीच्या सफरीत समुद्रकिनारीचा कबाना कैसा योजिला, कैसा हातचा गेला आणि कैसा फत्ते जाहला, हे वर्तमान साद्यंत लिहून ठेवावे, म्हणजे पुढील सफरीत घरातील कोणी 'मला कुणी सांगितलंच नाही' ऐसे म्हणू पावणार नाही. त्यावरून लिहिले आहे. जे दोघांनी पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले, जे एकानेच सांगितले ते ऐकीव म्हणून लिहिले, आणि धाकटे भाऊजी जे बोलले ते दुसरा आधार मिळाल्यावाचून लिहिले नाही.

तख्ती आईसाहेब, गुडघे बदललेले, परंतु हुकूम जुनाच. त्यांचे थोरले चिरंजीव दादासाहेब, स्वभावे शांत, सर्व प्रश्नांस ज्यांचे उत्तर 'बघू'. दादासाहेबांचे कुटुंब वहिनीसाहेब, ज्यांजकडे सफरीची कुल मुखत्यारी. धाकटे भाऊजी, ज्यांस घरात 'आलोच' म्हणत, कारण अंगास साबण लावलेला असताही फोनवर तेच सांगत. कन्या ताईसाहेब, आणि त्यांचे यजमान जावईबापू, ज्यांस ऊन सोसत नसे, वारा सोसत नसे, आणि सोसत नाही काय ऐसे कोणी विचारले नाही तर तेही सोसत नसे. भाऊजींचे कुटुंब जाऊबाई व पोरेसोरे धरून अकरा असामी.

तो एके सकाळी बोटीच्या कर्ण्यावरून दवंडी फिरली की, परवा बोट एका बेटास लागेल, तेथे उत्तम वाळू आहे, आणि ज्यांस पाहिजे त्यांनी कबाना आगाऊ धरावा. कबाना म्हणजे चार खांब, वर कापडी छत, तिन्ही अंगांस पांढरे पडदे, आत सहा आडव्या खुर्च्या आणि थंड पाण्याची पेटी. हे ऐकताच नाश्त्याच्या दिवाणखान्यात खिडकीपाशी मसलत भरली, आणि उष्ट्या बशा उचलण्यास आलेल्या सेवकास हाताने थांबविले, आणि मग ज्याने त्याने आपले फर्मान काढिले. आईसाहेबांची आज्ञा की, संडास नजरेच्या टप्प्यात पाहिजे. ताईसाहेबांची की, उजेड फोटोजोगा पाहिजे. जावईबापूंची की, सावली दाट पाहिजे, परंतु कोंदट नको. भाऊजींची की, खाण्याचे ठिकाण जवळ पाहिजे. वहिनीसाहेबांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि आपले एकच कलम घातले की, भोंग्यापासून दूर. कारण त्या किनाऱ्यास एक भोंगा असून त्यावर दिवसभर नाचाची गाणी चालतात, ऐसे बातमीदारांकडून कळले होते.

या कलमाच्या पोटात दुसरे कलम होते, ते मसलतीत निघाले नाही. घर सोडिल्यापासून पासपोर्ट कुठाय, पित्ताची गोळी कोणती, हा चार्जर कोणाचा, ओले कपडे कुठे वाळत घालू, या सर्व हाका एकट्या वहिनीसाहेबांच्या नावे फुटत होत्या. म्हणोन त्यांनी खोलीत दादासाहेबांस एकांती सांगितले होते, "हे बघ, मला बाकी काही नको. त्या दिवशी एक तास मी आडवी पडणार आणि मला कुणी हाक मारायची नाही. तूसुद्धा नाही."

दादासाहेब म्हणाले, "बघू."

सारी मोहीम वरकरणी अकरा जणांची, परंतु आतून त्या एका तासाची होती.

कबाना धरण्याची कामगिरी धाकट्या भाऊजींस सांगितली, कारण मोबाइलावर त्यांची बोटे वाऱ्यासारखी चालत. येथे घात जाहला, तो ऐसा. दोन दिवसांमागे आईसाहेबांच्या खोलीतील एसी गळून त्यांची उशी भिजली होती, आणि तो दुरुस्त करविण्याची कामगिरीही भाऊजींचीच होती. सांजेस वहिनीसाहेब आणि भाऊजी यांची गाठ लिफ्टीत पडली. हातात सर्वांचे टॉवेल, सबब बोलणे आखूड जाहले.

"भाऊजी, परवाचं झालं का?"

"झालं की! स्वतः उभा राहून करून घेतलं."

"नीट बघितलंत ना? नाहीतर ऐन वेळी गळ्याशी यायचं."

"अहो वहिनी, आता गळायचं नावच नाही!"

आणि दोघे हसली, आणि लिफ्टीचे दार उघडले, आणि दोघे दोन दिशांस गेली. वहिनीसाहेबांनी पुसिला तो येणारा परवा, भाऊजींनी सांगितला तो गेलेला परवा. आपल्या भाषेने हे दोन्ही परवे एकाच म्यानात ठेविले आहेत. त्यांतील कोणती तलवार बाहेर येईल, हे उपसणारासही ठाऊक नसते.

मग तो दिवस उगवला आणि बोटीवरून कूच जाहले. अघाडीस पोरे, मध्ये आईसाहेब काठी टेकीत, मागे टोप्या, टॉवेल, बिस्किटे, मलमे यांचा बाजारबुणगा, आणि सर्वांमागे दादासाहेब, ज्यांच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या. जावईबापूंनी वाळूवर पाय ठेविताच वाळू तापट आहे ऐसा शेरा दिला. किनाऱ्यावरील चौकीत एक कारकून बाई बसली होती. तिने पडद्यावर वरून खाली पाहिले, पुन्हा खालून वर पाहिले, आणि सांगितले की, या नावाचा कबाना नाही, आणि आता एकही शिल्लक नाही.

वहिनीसाहेब भाऊजींकडे वळल्या. "झालं म्हणालात ना तुम्ही!"

"ते एसीचं!"

"एसीचं कोण विचारत होतं? परवाचं विचारलं मी!"

"मग? तेव्हा परवाच तर गळला होता ना तो!"

जाऊबाई म्हणाल्या, "यांना काही सांगायचं म्हणजे तारीख, वार आणि तिथी सांगावी लागते. मी लग्नाचीसुद्धा तिन्ही सांगितली होती, तरी उशिरा आले."

दादासाहेब म्हणाले, "बघू."

कारकून बाईस दया आली. ती म्हणाली की, एक छत्री आणि तिजखाली एकच खुर्ची आहे, भोंग्याच्या अगदी बुडाशी, तेथे कोणी बसत नाही, हवी तर घ्या. वहिनीसाहेबांनी तिची चिठ्ठी करवून पर्सेत टाकिली. त्यांचा चेहरा तेव्हा कैसा होता, हे कोणी पाहिले नाही. सारे भाऊजींकडे पाहत होते.

इतक्यात ध्यानी आले की, आईसाहेब जागेवर नाहीत. शोध करिता त्या एका कबान्यात सापडल्या. गुडघा दुखला, समोर खुर्ची दिसली, बसल्या. तो कबाना एका नवविवाहित जोडप्याचा. त्यांची बोली निराळी, तथापि आईसाहेबांनी त्यांस बिस्किटे दिली होती, आणि लग्नास किती दिवस जाहले हे बोटांनी, व पाळणा कधी हे हात हलवून विचारले होते. मुलगी लाजून लाल, मुलगा उन्हाने लाल. वहिनीसाहेब माफी मागावयास पुढे जाहल्या, तो मुलानेच खुणेने उलगडा केला की, आम्हांस दिवसभर पाण्यातच जावयाचे आहे, फक्त या आमच्या पिशव्यांवर नजर ठेवाल काय? तहनामा जागीच पुरा जाहला. कबाना यांनी वापरावा, पिशव्या त्यांच्या राखाव्या. आईसाहेब पिशव्यांच्या किल्लेदार नेमिल्या गेल्या. जोडपे हात धरून समुद्राकडे पळाले. यात तहाचा आनंद किती आणि सुटकेचा किती, याचा निवाडा होत नाही.

संडास नजरेत, सावली दाट, उजेड फोटोजोगा, खाणे जवळ, भोंगा दूर. एक एक कलम पुरे उतरले. खुर्च्या सहा आणि असामी अकरा, म्हणोन पोरे पायाशी, दादासाहेब पेटीवर. "वहिनी, तुम्ही बसा ना," ऐसे सर्वांनी बसल्याजागून म्हटले. आणि मग हाका सुरू जाहल्या. "आई, भूक!" "वहिनी, मलम कुठलं आधी लावायचं?" "सूनबाई, माझा चष्मा बघ गं." "अगं, जावईबापूंच्या डोक्यावर पडदा ओढतेस का जरा?"

वहिनीसाहेबांनी पडदा ओढिला. मलम दिले. बिस्किटांचा पुडा पोरांपुढे ठेविला. एक टॉवेल घेतला, आणि पर्सेतील चिठ्ठी काढून, कोणास काही न सांगता, भोंग्याच्या दिशेने चालू लागल्या.

तेथे ऐसा गदारोळ होता की, पायाखालची वाळू थरथरत होती. वहिनीसाहेब खुर्चीवर आडव्या जाहल्या आणि डोळे मिटले. कबान्यातून कोणी तरी हात हलवीत होते, तोंडही हलत होते, परंतु शब्द एकही पोहोचला नाही. जो शत्रू म्हणोन कलमात घातला, तोच ऐन वक्ती कुमकेस आला.

अखेर भाऊजींस वकील करून पाठविले. ते तापल्या वाळूतून उड्या मारीत आले आणि भोंग्यावर आवाज चढवून ओरडले, "वहिनी! आईचा चष्मा कुठंय?"

वहिनीसाहेबांनी डोळे न उघडता एक शब्द उच्चारला.

भाऊजी परत गेले. "काय म्हणाली?" ऐसे सर्वांनी विचारिले.

"परवा."

त्यावर कबान्यात मोठा वाद माजला. ताईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे परवा हरवला असेल." जाऊबाई म्हणाल्या, "छे, परवा शोधून देते म्हणाली असेल." जावईबापूंनी मत दिले की, हा "पर्वा नाही" याचा पूर्वार्ध असून उत्तरार्ध भोंग्यात बुडाला. दादासाहेबांनी दूरच्या छत्रीकडे पाहिले, काही आठवलेसे दिसले, आणि त्यांनी जन्मात प्रथमच 'बघू' म्हटले नाही. म्हणाले, "कुणी जाऊ नका तिकडे."

आईसाहेबांनी डोक्यावर हात फिरविला, तेथे चष्मा होता. तो त्यांनी डोळ्यांवर ठेविला, छत्रीकडे निरखून पाहिले आणि फर्माविले, "ऐकलंत ना? तिला कुणी हाक मारायची नाही. आणि आलोच, तू पुड्यातली शेवटची बिस्किटं ठेव तिला."

ऐसा कबाना फत्ते जाहला. लढाई दुतर्फा जाहली, जखमी कोणी नाही, जावईबापूंचे नाक तेवढे सोलले. वहिनीसाहेबांनी छत्रीखालचा मुलूख काबीज केला आणि तेथे झोप घेतली. ती एक तास होती की अधिक, याची नोंद दफ्तरी नाही. कारण विचारावयास कोणी गेले नाही.