लवू परबांची मूठ

परक्या पोरीने हात लावला की मूठ कमळासारखी उघडायची, आणि लग्नाच्या बायकोने लावला की दगड. लवू परबांचं हे वागणं रत्नप्रभेला बिलकूल पसंत नव्हतं.

लकवा झाल्यापासून परब बोलत नव्हते. बायकोला ओळखतात की नाही, हेही कळेना. गोरेगावच्या चाळीतल्या खोलीत फिजिओथेरपीवाली संघमित्रा यायची, त्यांचा आखडलेला हात मांडीवर घ्यायची आणि हळूहळू मोकळा करायची.

"मूठ ओढायची नाही, आजी. मनगट आत वाकवायचं, ती आपोआप सुटते."

"मला शिकवतेस? अर्ध्या चाळीच्या बाळंतिणी ह्या हातांनी चोळल्या मी."

रविवारी संघमित्राची सुट्टी. मुलगा सर्वेश कामावर. रत्नप्रभेने दाराला कडी घातली, दूध गॅसवर ठेवलं, लसूण घातलेलं खोबरेल घेतलं आणि पापडाचं पीठ कुटावं तशी नवऱ्याच्या हातावर तुटून पडली. मूठ जराशी उघडली. तिने लगेच चार बोटं आत सारली. मूठ उंदराच्या पिंजऱ्यासारखी मिटली.

दूध उतू गेलं, मग करपलं. धूर जिन्यात पोचला आणि शेजारची शकु दारावर थापा मारू लागली.

"रत्नप्रभा, काय जळतंय गं?"

"दूध."

"मग गॅस बंद कर ना."

"उठता येत नाही."

"का? पडलीस काय?"

"नाही गं. ह्यांनी हात धरलाय."

दारावरच्या थापा थांबल्या.

"या वयात?" शकु म्हणाली.

शेवटी वॉचमन धोंडिरामने खांदा मारून कडी तोडली. शकुने गॅस बंद केला. मागोमाग अर्धा मजला आत शिरला. एकाने साबण सुचवला, दुसऱ्याने बर्फ. शकुने संघमित्राला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"घाबरू नका, आजी. आखडलेला हात असाच आवळतो. समोर कोण आहे, ते त्या हाताला कळत नसतं. मनगट वाकवा, सुटेल."

रत्नप्रभेने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"वाकव ना गं," शकु हळूच म्हणाली. "दुसरा हात मोकळा आहे तुझा."

"तमाशा संपला. आपापल्या घरी जा सगळे."

गेले. बोटं सुन्न पडत चालली होती. मोकळ्या हाताने तिने नवऱ्याच्या ओठांवरची लाळ पदराने पुसली.

"लग्नात भटजीने सांगितलं म्हणून धरलात. आज कोणी न सांगता धरलात," ती म्हणाली. "शहाणे झालात हो. पण फार उशिरा."