घंटाघर कुणी पळवलं?

माणसानं स्वतःची तारीफ स्वतः करू नये असं म्हणतात. पण माझी तारीफ दुसरं कुणी करत नाही, म्हणून नाइलाज आहे. तर, माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धी... बुद्धीला शोभेलसा प्राणी अजून सापडायचा आहे. दिवसा मी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचतो आणि उरलेल्या वेळात माणसं वाचतो. मीटर वाचताना चूक झाली तर लोक कचेरीत तक्रार करतात. माणसं वाचताना चूक झाली तर तक्रार कुठं करायची हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे गुप्तहेर म्हणून माझी कारकीर्द निष्कलंक आहे.

प्रत्येक थोर गुप्तहेराला मदतनीस लागतो. मी माझ्या मदतनिसाशी बावीस वर्षांपूर्वी लग्न केलं. ती सकाळी दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते आणि संध्याकाळी माझे निष्कर्ष वहीत उतरवते. वहीच्या दुसऱ्या बाजूला ती घरातलं सामान लिहिते. एकदा भर तपासात मी वही उघडून ‘संशयित’ वाचू लागलो, तर साबण, मेणबत्त्या आणि लिंबं अशी नावं निघाली. त्यातला साबण मी आधीच ताब्यात घेतला होता, ही गोष्ट वेगळी.

सोमवारी मी टेलरबाईंकडे मीटर वाचायला गेलो. त्यांचा मीटर शिवणाच्या खोलीतच आहे, दाराच्या वर. चाक गरगर फिरत होतं.

“वहिनी,” मी स्टुलावरून म्हणालो, “माझा अंदाज असा की सध्या तुमच्याकडे कामाचा ढीग आहे.”

टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. तिथं शाळेच्या नाटकासाठी शिवलेले बावीस ससे कानांना धरून टांगले होते. मी वर बघत असल्यामुळे ते मला दिसले नव्हते.

त्यांनी टाचण्या काढल्या. “भाऊ, तुम्ही ते गुप्तहेर की काय ते आहात ना?”

‘की काय’ मी ऐकलं नाही. “बोला.”

“माझं घंटाघर गेलंय.”

हकिकत अशी होती. टेलरबाईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, घरातसुद्धा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि दोघं मिळून कुठं म्हणून गेले नाहीत. या वसंतात मात्र आठ दिवस युरोपातल्या एका शहरात जायचं ठरलं होतं. मास्तरांनी त्या शहराचा हा मोठा नकाशा आणला आणि शिवणयंत्राच्या उजव्या हाताला लावला, कारण घरात तेवढी एकच भिंत मोकळी होती. रंगीत डोक्यांच्या टाचण्या आणल्या. बाईंना जिथं जायचं तिथं लाल, मास्तरांना जिथं जायचं तिथं निळी. शनिवारी सहाच्या आत प्रवास कंपनीच्या माणसाला पक्कं कळवायचं होतं.

“मी नऊ लाल लावल्या होत्या,” टेलरबाई म्हणाल्या. “घंटाघर, फुलबाजार, लेस विणायचं संग्रहालय. पंधरा दिवसांत सहा गेल्या. या खोलीत बाहेरचं कोण येतंय? मुलं येतात माप द्यायला, ती दारात उभी राहतात.”

“मग मास्तरांनाच विचारा ना.”

“विचारून काय होणार? म्हणतील, तसं काही नाही. घर पेटलं तरी हे म्हणतील, तसं काही नाही.”

“नाहीतर टाचण्या परत लावा.”

“का लावू?” त्या एकदम म्हणाल्या. “ज्यांना माझ्यासोबत यायचंच नाही त्यांच्या मागे कशाला लागू? शनिवारी मीच नाही म्हणून कळवते. फक्त खरं काय ते कळू दे, भाऊ.”

त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. मलाही वाईट वाटलं. मी तिथल्या तिथं केस हाती घेतली आणि मोबदला म्हणून गुप्तहेराला शोभेल असा घोट्यापर्यंतचा कोट मागितला. त्यांनी लगेच मापं घेतली. पोटाचं माप सांगताना त्या थोड्या मोठ्यानं बोलल्या, पण मी ते मनावर घेतलं नाही.

मग मी भिंगातून नकाशा तपासला. घंटाघराच्या जागी बारीक भोक होतं, आणि त्याच्या खाली, भिंतीला चिकटलेला, एक पांढरा केस! गुन्हेगाराचं वय सत्तरीच्या पुढे. मी गर्रकन वळलो. खिडकीजवळ मास्तरांची आई बसली होती आणि तिचं डोकं पांढरंशुभ्र होतं.

आजींच्या हातात दोरी बांधलेलं लोहचुंबक होतं. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या त्या रोज त्यानं उचलतात आणि डबीत टाकतात. हे त्यांचं घरातलं ठरलेलं काम.

“आजी, टाचण्या तुम्ही काढता?” मी दरडावून विचारलं.

“काढत नाही रे बाबा, वेचते. हल्ली रंगीत यायला लागल्या ते फार बरं झालं. आधीच्या मेल्या दिसायच्याच नाहीत, पायात गेल्यावर कळायचं.”

“आजी, विषय सोडून बोलू नका.”

“बरं,” आजी म्हणाल्या आणि चुंबक फिरवू लागल्या.

घरी आल्यावर मी मदतनिसाला लिहायला सांगितलं: म्हातारी विषय बदलते, म्हणजे काहीतरी लपवते. मुलगा आणि सून गेले तर मागं एकटी पडेल, हा हेतू.

“एकट्या कशानं पडतील?” बायको म्हणाली. “त्या आठ दिवस बहिणीकडे जाणार आहेत. परवा दवाखान्यात भेटल्या होत्या, बॅग भरून झालीसुद्धा म्हणाल्या.” मग मी पुरावा म्हणून आणलेला केस तिनं बोटांत धरून चोळला. “आणि हा केस नाही. सशाची फर आहे. कापडाची.”

मी विचार केला. ससा भिंतीवर चढू शकत नाही, त्यामुळे ससा निर्दोष ठरला.

“अहो, तिथं एप्रिलमध्ये स्वेटर लागत असेल का हो?” बायकोनं विचारलं.

“केसशी काय संबंध?”

“सहज विचारलं,” ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरा संशय प्रवास कंपनीच्या माणसावर होता. लोकांनी आपली ठिकाणं निवडावीत हे अशा माणसांना कसं रुचेल? त्यांच्याकडे छापील ठिकाणं तयार असतात. गुरुवारी मी वेष पालटून, म्हणजे माझ्या मिशांवर आणखी एक मिशी लावून, त्यांच्या कचेरीत गेलो आणि श्रीमंत प्रवाशाच्या आवाजात म्हणालो, “मला युरोपला जायचंय.”

“मीटर मागच्या खोलीत आहे,” तो मान वर न करता म्हणाला.

मी मीटर वाचला. वाचता वाचता मास्तरांची गोष्ट काढली, आणि तो जे बोलला त्यानं माझ्या दोन्ही मिशा खाली आल्या. कालच मास्तर येऊन गेले होते. हळूच विचारत होते की सहल रद्द करायची झाली तर काय करावं लागेल.

खरं सांगतो, असा विजय मला नको होता. अठ्ठावीस वर्षांचा संसार माझ्या हातून मोडणार होता, तोही एका कोटापायी. रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “अजून काही सिद्ध झालेलं नाही ना? मग खा.” मी दोन घास खाल्ले. बाकीचे तिच्या आग्रहाखातर खाल्ले.

शनिवारी चार वाजता मी सगळ्या संशयितांना शिवणाच्या खोलीत एकत्र बोलावलं. रहस्याची उकल करताना तशी पद्धत आहे. मास्तर दाराशी, आजी खिडकीशी, टेलरबाई यंत्रावर, बायको वही घेऊन कोपऱ्यात, आणि भिंतीवरून बावीस ससे बघत होते. कोट अर्धाच शिवून झाला होता, बाकीचा टाचण्यांवर होता. तरी प्रसंगाला वजन यावं म्हणून मी तो अंगात घातला.

“या खोलीतून घंटाघर चोरीला गेलं आहे,” मी सुरुवात केली. “फुलबाजार गेला. संग्रहालय गेलं. चोर बाहेरचा नाही. मास्तर, बुधवारी दुपारी तुम्ही कुठं होता?”

मास्तर गोरेमोरे झाले. “शाळेत.”

“शाळेनंतर?”

“प्रवास कंपनीत,” मास्तर पुटपुटले. “रद्द करण्याबद्दल विचारायला.”

टेलरबाईंनी यंत्रावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“म्हणजे खरंच यायचं नव्हतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “मला सांगायचं होतं. टाचण्या काय काढायच्या चोरासारख्या?”

“मी? तुझ्या?” मास्तरांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला. “अगं, तूच माझ्या काढल्यास! सात निळ्या होत्या, दोन राहिल्या. वेधशाळा नाही, पुराच्या खुणांचा खांब नाही. मला वाटलं तुला कंटाळा येणार माझ्यासोबत. मी काय, तिथंही भूगोलच सांगणार. म्हटलं, तिची सुटका करावी. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना ती नदी शिकवतोय गं. तिचं पाणी पाहायचं होतं मला. तुझ्यासोबत पाहायचं होतं.”

निळ्या टाचण्यांबद्दल मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी फक्त लाल मोजल्या होत्या, मास्तरांनी फक्त निळ्या, आणि मी तर नुसती भोकं पाहिली होती. माझी उकल माझ्या डोळ्यांदेखत वितळत होती. अशा वेळी थोर गुप्तहेर शांतपणे खुर्चीवर बसतो. मी शांतपणे बसलो.

आणि किंचाळून उठलो. “हल्ला! विषारी बाण!”

उठताना कोटाची पाठ टर्रकन उसवली. बायकोनं पुढे होऊन माझ्या मागच्या बाजूतून बाण उपटला. तो टाचणीएवढा होता आणि त्याचं डोकं लाल होतं.

पुढचा प्रकार बावीस सशांच्या साक्षीनं घडला. टेलरबाई रागानं लाल झाल्या होत्या, डोळे भरले होते, तोंडानं त्या मास्तरांशी भांडत होत्या, “कंटाळा येईल असं मी कधी म्हटलं? सांगा, कधी म्हटलं?” पण समोर शिवण उसवलेली दिसली म्हणताच त्यांचे हात आपले कामाला लागले. गुडघ्यावर बसून डाव्या हातानं त्यांनी कोटाची उसवलेली बाजू चिमटीत धरली. उजवा हात न बघता भिंतीवर गेला, नकाशावरून एक निळी टाचणी उपटली, आणि कोटात खुपसली.

“ही बघा, आणखी एक घेतली,” आजी म्हणाल्या.

सगळे आजींकडे बघू लागले.

“घेतेच की ती तिथून. रोजच घेते. मला वाटलं, जवळ बऱ्या म्हणून तिकडं ठेवल्यात.” त्यांनी डबी उघडून पालथी केली. साध्या टाचण्यांच्या ढिगातून लाल आणि निळी डोकी वर आली. “मी याला सांगितलं होतं रंगीत आल्यात म्हणून. तर म्हणाला, विषय सोडून बोलू नका.”

बायकोनं मोजल्या. डबीत पाच लाल, पाच निळ्या. सहावी लाल माझ्यातून निघाली होती. ती घंटाघराची की फुलबाजाराची हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी घंटाघर धरून चालतो.

टेलरबाई गुडघ्यावरच बसून राहिल्या होत्या. आपल्या उजव्या हाताकडे त्या अशा बघत होत्या, जणू तो शेजारणीचा असावा. मग त्यांना हसू फुटलं आणि डोळ्यांतलं पाणीही त्याच झटक्यात बाहेर आलं.

“आता कुठली टाचणी कुठं होती, कोण सांगणार?” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी उरलेल्या टाचण्याही काढल्या, नकाशा उतरवला आणि खिडकीच्या काचेला लावून धरला. बाहेर अजून ऊन होतं. सगळ्या शहरभर बारीक उजेडाचे ठिपके लागले. त्यात लाल कुठला आणि निळा कुठला, काही कळत नव्हतं.

“सोळा आहेत,” मास्तर म्हणाले. “दिवसाला दोन. जमेल.”

“आणि भूगोल सांगायचा,” टेलरबाई म्हणाल्या. “मला आवडतो. तुम्ही घरी कधी सांगतच नाही.”

“तसं काही...” मास्तर म्हणू लागले, पण थांबले. “सांगतो,” ते म्हणाले.

सहाला वीस मिनिटं असताना त्यांनी फोन करून होकार कळवला. मी जाहीर केलं की केस सुटली. आजींनी मला टाचणी टोचल्या जागी लावायला मलम दिलं.

एप्रिलच्या शेवटी त्या शहरातून आमच्या नावे एक चित्र-कार्ड आलं. मागे मास्तरांच्या अक्षरात नदीची लांबी, उगम आणि पाण्याचा रंग लिहिला होता. खाली बाईंनी एकच ओळ लिहिली होती: ‘पाणी पाहिलं. दोघांनी.’ पुढच्या बाजूला घंटाघर होतं. बायकोनं ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं, माझ्यातून निघालेल्या त्याच लाल टाचणीनं.

मी भिंग काढलं. टाचणी. कार्ड. ओट्यावर तपासाची वही, आणि तिच्या शेवटच्या पानावर साबण आणि लिंबांच्या खाली ‘स्वेटर दोन’ असं लिहिलेलं. बायको पाठ करून कप विसळत होती आणि एकच कप बराच वेळ विसळत होती. माझ्या कारकिर्दीत प्रथमच मला कुणाच्या मदतीची गरज पडली नाही.

“तुला कुठं जायचंय?” मी विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. “बावीस वर्षं लागली तपासाला,” ती म्हणाली. “बसा, सांगते. आधी खुर्ची बघून घ्या.”