पुष्करचं जंगल आणि माझा माइक

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत, वरातीत नवरदेवाच्या रुसलेल्या आत्यालाही नाचायला लावणारा डीजे एकच. भगवंत साउंड, वलगाव! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. सोळा वर्षं झाली या धंद्यात. माझा बेस सुरू झाला की नांदगाव पेठेतल्या कारखान्यांचे पत्रे थरथरतात म्हणतात!

अशा माणसाने कोणावर जळायचं काही कारण आहे का? नाही. पण मी जळत होतो. आणि तेही सख्ख्या साळ्यावर!

पुष्कर म्हणजे माझ्या बायकोचा, कौशल्येचा, धाकटा भाऊ. अकोल्याच्या जुन्या शहरात सासूबाईंजवळ राहतो. पुण्याला इंजिनीअर व्हायला गेला आणि परत आला तो दोन फिरत्या तबकड्या आणि एक मिक्सर घेऊन. वाजवतो काय, तर 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस', म्हणे विलायती नाचाचं संगीत. जंगल म्हटल्यावर मला वाटलं, मेळघाटात जाऊन वाजवत असेल. कशाचं काय! पत्र्यावर कोणी पोतंभर हरभरा ओतावा तसे ठोके, मिनिटाला एकशे सत्तर! आणि खालून म्हैस हंबरल्यासारखा बेस. ना गाणं, ना बोल, ना नवरदेवाचं नाव!

आणि कौशल्या भाकरी थापताना मोबाइलवर तेच लावायची!

"माहे गाणे लावत जाय ना कधी," मी एकदा म्हणालो.

"तुमचे काहून लावू? तुमचे तं तीन वावरं सोडून ऐकू येतात," ती म्हणाली. "अन् याच्यावर भाकरी कशी झपाझप होते!"

माझं घर, माझी ज्वारी, आणि ठोका साळ्याचा!

त्यात विलायतेच्या एका रेडिओवाल्या बाईने पुष्करचं वाजवणं कुठेतरी ऐकलं आणि मागणी केली, एक तासाचं लाइव्ह मिक्स रेकॉर्ड करून पाठव. लाइव्ह म्हणजे मध्ये थांबायचं नाही, मागून काही पुसायचं नाही, चुकलं तर चुकलं. सासुरवाडीत पेढे वाटले! मी सोळा वर्षं वाजवतोय, मला कोणी चिमूटभर साखर दिली नाही.

मग पुष्करचा फोन आला. "भाऊजी, रविवारी दुपारी रेकॉर्डिंग हाये. रातच्याले पाठवाच लागते. तुमचे दोन स्पीकर अन् तो चांगलावाला माइक आणता का? तुमच्यासारखे स्पीकर अकोल्यात नाहीत कोनाजवळ."

शेवटच्या वाक्यावर मी हो म्हणून बसलो. पण बेत पक्का होता. जायचं, कान टवकारून बसायचं, चुका पकडायच्या आणि घरी आल्यावर कौशल्येपुढे एकेक वाचून दाखवायच्या! माझा पार्टनर बंडू आमचा जनरेटर सांभाळतो. त्याला सांगून ठेवलं, "मी फोनवर चुका सांगतो. तू फक्त लिहून ठेव."

रविवारी वरच्या खोलीत सामान मांडलं. माझी जागा खिडकीपाशी सोफ्यावर, आणि शेजारीच स्टँडवर माझा माइक. पुष्कर मला काहीतरी समजावून सांगत होता. पण तेवढ्यात सासूबाई, म्हणजे सत्यभामाबाई, चिवडा घेऊन आल्या. पुष्करला ताटली, मला वाटी! त्याच्या ताटलीत काजू, माझ्या वाटीत कढीपत्ता! अहो, मी जावई आहे! माझं सगळं ध्यान त्या काजूंवर. पुष्कर सांगत होता, "भाऊजी, खोलीतला जिवंत आवाज आला पायजे म्हणून हा माइक चालूच राहीन. अन् मोबाइलवरून लाइव्ह दाखवून राहिलो, ताई पाहून राहिली घरून." हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी नुसतं "हो हो" केलं, कढीपत्ता चावत.

रेकॉर्डिंग सुरू झालं.

दहा मिनिटं झाली, चूक नाही. वीस मिनिटं झाली, चूक नाही! एक तबकडी दुसरीत अशी मिसळायची की जोड कुठे आहे ते सापडेना. मी सोळा वर्षं एक गाणं बंद करतो, "हॅलो, हॅलो, चेक" म्हणतो आणि दुसरं लावतो. आणि हा बघा! त्यातून माझा उजवा पाय आपोआप हलायला लागला. तो डाव्याने दाबून धरला, तर डावाही हलायला लागला! माझेच पाय, आणि फितूर!

मी बंडूला फोन लावला. एवढ्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येतंय?

"बंडू! लिहून घे!"

"काय लिहू भाऊ?"

"काईच नाही! चुकूनच नाही राहिला थो!"

"मोठ्यानं बोला! काई समजून नाही राहिलं!"

मी फुटलो. "लय भारी वाजवून राहिला रे पोट्टा! मले जन्मात जमनार नाही असं! जळून राहिलो मी, बंडू! पण हे कौशल्येले सांगू नको!"

"बरं. चहापानी झालं काय?"

"कायचं चहापानी! सासूबाईनं चिवडा देल्ला. खारट! निरा खारट!"

आणि स्पीकरमधून आवाज आला, "खारट! खारट! खा-खा-खारट!"

पुष्करला हेडफोनमध्ये माझा शब्द न् शब्द ऐकू जात होता. थांबता येत नव्हतं. मग बिचाऱ्याने माझाच आवाज धरला आणि ठोक्यात बसवला! मला वाटलं, बंडू नकला करतोय.

"चिडवतं काय बे?"

"बे! बे! बे!" स्पीकर म्हणाला.

एवढ्यात जिना धाडधाड वाजला. सासूबाई, हातात झारा! खाली त्याही मोबाइलवर ऐकत होत्या, हेही मला मागाहूनच कळलं.

"जवाईबापू! कोनाचा चिवडा खारट? दिवाळीले डबाभर बांधून नेला, तवा नाही लागला खारट? माह्या लेकराच्या कामात टांग अडवता? जळता? जळा! चुलीत लाकडं कमीच हायेत माह्या!"

त्या उभ्या होत्या बरोबर माइकसमोर. बोलत होत्या एकशे सत्तरच्या वेगाने. आणि एकदा सुरू झाल्या की सासूबाईंनाही मध्ये थांबता येत नाही, मागून काही पुसता येत नाही.

माझा फोन वाजला. कौशल्या!

"अवो, तुमी काय बोलून राहिले! शेजारच्या आशाबाई, चंदा, सगळ्याजनी अथी बसून ऐकून राहिल्या!"

"ऐकून राहिल्या? कशावर?"

"लाइव्ह हाये ना ते!"

माइक बंद करायला मी झेपावलो, वायरीत पाय अडकला आणि सरळ पुष्करच्या टेबलावर आदळलो. तबकडीवरची सुई उडाली. ठोका बंद. खोलीत चिडीचूप. आणि त्या शांततेत माझा स्वच्छ, खणखणीत आवाज रेकॉर्ड झाला, "मेलो! आता घरी कोनत्या तोंडानं जाऊ?"

पुष्करने डोळे मिटले, दुसऱ्या तबकडीवर सुई टेकवली आणि सगळा ठोका एकदम आभाळातून पडल्यासारखा खोलीत पडला. पुढचा अर्धा तास मी सोफ्यामागे जमिनीवर बसून काढला.

संपल्यावर मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "पुष्कर, माह्यामुळं नास झाला. मी हे जळून नाही केलं रे." मग म्हणालो, "नाही. जळूनच केलं."

तो हेडफोन गुंडाळत राहिला. "जाऊ द्या भाऊजी. दुसरं कराले वेळच कुठं हाये? हेच पाठवतो."

वलगावला पोचलो तेव्हा घरात मोबाइल बंद होता. कौशल्येनं ताट वाढलं. मी मान खाली घालून जेवत होतो.

"सोळा वर्षात पह्यल्यांदा दुसऱ्याले चांगलं म्हटलं तुमी," ती म्हणाली. "भाकर वाढू अजून?"

मी दोन जास्त खाल्ल्या.

चौथ्या दिवशी पुष्करचा फोन. रेडिओवाल्या बाईला मिक्स बेहद्द आवडलं! सगळ्यात जास्त आवडला तो मधला माणसाचा आवाज. पुढचं मिक्स त्याच आवाजावर पाहिजे!

मी इस्त्रीचा शर्ट घातला. बंडूला नवीन बॅनर सांगितला, 'भगवंत साउंड, वलगाव – अकोला – विलायत'. पेढे घेतले, पहिल्या एसटीने अकोला गाठलं. पुष्कर दारातच डोकं खाजवत उभा.

"भाऊजी, तुमचा नाही."

"मंग कोनाचा?"

"आईचा. म्हणे, या बाईच्या आवाजात आग हाये." तो थोडा घुटमळला. "अन् मधामधात जो रडका मानूस हाये, त्याचा आवाज पुढच्या खेपेले कमी करता आला तं पहा म्हणे."

आता दर रविवारी जुन्या शहरात रेकॉर्डिंगची तालीम असते. सासूबाई पदरावरून हेडफोन चढवतात, गुळण्या करतात आणि उभ्या राहतात. स्टँड माझ्या धडपडीत मोडला, म्हणून माइक मीच धरतो. पुष्करवर मी हल्ली बिलकूल जळत नाही. तेवढी सवड कुठे?

परवाच सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, माइक थोडा वर धरा. अन् श्वास जरा हळू घ्या, रेकॉर्ड होऊन राहिला."