गेटपासून दारापर्यंत

"काँक्रीट म्हणजे असतं काय? सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. यात अवघड काही असेल तर ते भाव पाडणं. आणि ते काम माझ्यावर सोडा!"

निम्मेरावांनी जेवता जेवता ही घोषणा केली. हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. कुणीही कशाचाही भाव सांगितला की ते "निम्मे करा" म्हणत, म्हणून गल्लीनं ते त्यांना बहाल केलं होतं, आणि त्यांना त्याचा अभिमानच होता.

"भाव पाडा नाहीतर चढवा," बायको म्हणाली. "आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. चाकांची खुर्ची ढकलत आणायचीय. गेटपासून दारापर्यंत तिला एकही धक्का बसता कामा नये, एवढंच बघा."

अंगणातली वाट उखडलेल्या फरशांची होती. धडधाकट माणूसही तिच्यावरून नाचत नाचतच घरात यायचा. तेव्हा ठेकेदाराला बोलावणं भाग होतं.

ठेकेदारानं वाट पायानं मोजली आणि आकडा सांगितला. निम्मेराव खुर्चीतून अर्धे उठले.

"एवढे? सोन्याची खडी घालताय का?"

"साहेब, आधी वीतभर खोदावं लागेल. मग खाली खडी दाबायची, वर जाळी, त्यावर काँक्रीट. शिवाय मिक्सरची गाडी तुमच्या गल्लीत वळत नाही. कोपऱ्यापासून हातगाड्यांनी माल आणायचा, त्याला माणसं लागणार."

"खोदाई कशाला? आपण काय विहीर काढतोय? फरशांवरच ओता. आणि माणसं दोन कमी करा, एक हातगाडी मी ओढतो."

खोदाई गेली, माणसं गेली, आकडा जवळपास निम्म्यावर आला. निम्मेराव त्या रात्री घोरलेसुद्धा समाधानानं.

कामाच्या दिवशी कळलं की मिक्सरवाले ठरावीक मापाच्या खाली माल देतच नाहीत. वाटेला लागणार होता त्याच्या दीडपट माल गाडीत गरगर फिरत होता.

"उरलेला परत न्या आणि पैसे कमी करा," निम्मेराव म्हणाले.

"परत नेऊन काय करू, घरी खाऊ?" ड्रायव्हर म्हणाला. "लवकर उतरवा, घट्ट होतोय."

पैसे दिलेला माल सोडायचा? छे! निम्मेरावांनी वाटेची जाडी वाढवायचा हुकूम दिला आणि स्वतः हातगाडीला भिडले. पहिल्या खेपेला हातगाडीनं त्यांना ओढलं, दुसऱ्या खेपेला त्यांच्यासकट ती कलंडली. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाणी दिलं आणि हसू पदराआड लपवलं.

शेवटी काम गेटपाशी आलं.

"इथे माल अडवायला फळी ठोकावी लागेल," ठेकेदार म्हणाला.

"तिचे पैसे वेगळे?"

"थोडे."

निम्मेरावांचा चेहरा उजळला. गेट खालच्या अर्ध्या भागात पत्र्याचं होतं, चांगलं भक्कम. "मग हे गेट काय शोभेला आहे? लावा ते, बाहेरून कुलूप घाला आणि आतून त्याला टेकवून ओता. फळीही वाचली आणि कुत्रीही आत यायची नाहीत!"

ठेकेदारानं एकदा गेटकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. पहिल्या दिवसापासून त्याचे सगळे सल्ले निम्म्यावर आले होते. आणखी एक द्यायची त्याला हौस उरली नव्हती. त्यानं ओतलं.

आठवडाभर निम्मेरावांनी त्या वाटेला लेकरासारखं पाणी पाजलं. घरातली माणसं मागच्या दारानं, चार पायऱ्या उतरून, काकूंच्या अंगणातून ये-जा करत होती. वाट आरशासारखी झाली. येईल त्याला निम्मेराव ती खिडकीतून दाखवत.

सासूबाई आल्या त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीत उभे होते. टॅक्सीतून खुर्ची उतरली, सासूबाई तीत बसल्या. निम्मेरावांनी ऐटीत कुलूप काढलं आणि गेट आत ढकललं.

गेट हललं नाही.

खांदा लावला. टॅक्सीवाल्यानं खांदा लावला. बायको वाकली, आणि गेटच्या पत्र्याला आतून वीतभर उंच काँक्रीट टेकलेलं पाहून सावकाश सरळ झाली.

"अहो," ती म्हणाली, "हे गेट आत उघडतं ना?"

निम्मेरावांच्या पायाखालची वाळू सरकली. ती तेवढीच काय ती काँक्रीटमध्ये पडायची राहिली होती. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला.

"फोडावं लागेल," तो म्हणाला. "खोदाईच्या दुप्पट पडतील."

"निम्मे करा," निम्मेराव सवयीनं बोलून गेले.

"केले असते साहेब. पण निम्मे म्हणजे ती खोदाईच झाली, आणि ती तुम्हाला नको होती."

मागच्या पायऱ्या अरुंद, त्यांवरून खुर्ची जाणं शक्य नव्हतं. गेट कमरेएवढंच होतं. तेव्हा निम्मेराव, टॅक्सीवाला, काकू आणि काकूंचे मिस्टर यांनी खुर्चीला हात घातले. निम्मेरावांचे कान लालभडक झाले होते. उभी गल्ली बघायला जमली होती, आणि आपण बघणाऱ्यांत असतो तर आपणही खिडकी सोडली नसती, हे त्यांना पुरतं पटत होतं.

खुर्ची बरोबर गेटच्या वर आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"जावईबापू, वाट सुरेख झालीय हो. फक्त आता सवयीनं निम्म्यावर थांबू नका."