सौ. म्हात्र्यांची जागा

गजाभाऊ म्हात्रे दारातून कधी एकटे आत येत नसत. आधी स्वतः यायचे, मग वळून दार उघडं धरायचे आणि मागून कोणीतरी आत येईपर्यंत थांबायचे. मागे कोणी नसायचं. त्या कोणी नसलेल्या माणसाला वाट करून दिली की मग ते हलकेच दार लावायचे.

आमच्या रोह्याच्या कंपनीत ते स्टोअरला होते, मी डिस्पॅचला, आणि आमची टेबलं समोरासमोर. त्यांच्या या दार धरण्यापायी माझे कागद दिवसातून दहा वेळा उडायचे. एकदा कुलकर्णी घाईघाईने त्या उघड्या दारातून घुसले, तर गजाभाऊंनी त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. "जरा थांबा. आत येऊ द्या." कोणाला, हे विचारायचं कुलकर्ण्यांना सुचलंच नाही. त्या दिवसापासून ते मागच्या दाराने ये-जा करू लागले.

गजाभाऊ पेणहून रोज गाडीने यायचे. घरी गणपतींचा कारखाना. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. दोन भुवयांच्या मधोमध बघत. त्यामुळे आपल्या कपाळाला काहीतरी लागलंय असं वाटून मी वर्षभर रुमाल फिरवत होतो. प्रत्येक गोष्टीत त्यांचं एक पालुपद असे : "डोळे शेवटी." फॉर्म भरला की सही करायच्या आधी म्हणायचे, "डोळे शेवटी." डब्यातला बांगडासुद्धा ते शेपटीकडून खात.

त्यांच्या घरचं कोणी कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसात दोन मतं होती. एक, त्यांचं लग्नच झालेलं नाही. दोन, झालं होतं, पण बायको वारली आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मी दुसऱ्या मताचा. मी भुताखेतांना मानत नाही, पण शक्यतो त्यांच्या वाटेलाही जात नाही.

अशात कॉलनीच्या क्लबात शनिवार-रविवार जोडीनृत्याचं शिबिर निघालं. केबल टीव्ही नुकता आला होता आणि मोठ्या साहेबांच्या मिसेसना आमच्या सगळ्यांच्या अंगात ताल आहे असा संशय आला होता. वसईहून सत्तरीचे फर्नांडिस सर आणि त्यांच्या मिसेस शिकवायला येणार होत्या. 'फक्त जोडप्यांसाठी', असं फळ्यावर लिहिलं होतं. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला न विचारता आमची नावं दिली. यादीत शेवटचं नाव होतं, 'श्री. व सौ. म्हात्रे'.

शनिवारी सकाळी गजाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. दार धरलं. थांबले. लावलं. मग हॉलच्या मध्यावर जाऊन त्यांनी डावा हात बाजूला उचलला, उजवा हवेत कोणाच्या तरी पाठीवर ठेवला आणि उभे राहिले.

हसू फुटायच्या आत फर्नांडिस सरांनी टाळी वाजवली. सरांनी आयुष्यात बरंच काही पाहिलं असावं. "एक-दोन-तीन! पायाकडे बघायचं नाही. पायांना वाट ठाऊक असते. बघायचं ते जोडीदाराच्या डोळ्यांत!"

खरी गंमत दुपारी झाली. शिबिराची पद्धत अशी, की बायकांनी गोलात जागेवर उभं राहायचं आणि पुरुषांनी दर पाच मिनिटांनी पुढच्या बाईकडे सरकायचं. म्हणजे गोलात एक जागा सौ. म्हात्र्यांची, आणि प्रत्येकाची पाळी तिथे येणार. पहिले गेले साठे. सहा फुटी माणूस, सगळ्यांकडे बघून डोळा मारत गेले. पाच मिनिटांनी पुढच्या बाईकडे सरकले ते डोळा मारायचं विसरून. मग सावंत. तेही तसेच. मी बाजूने बघत होतो. साठे उंच, सावंत बुटके, पण त्या जागेवर दोघांचेही हात एकाच उंचीवर होते.

माझी पाळी आली तेव्हा मला जरा तहान लागली होती, पण सरांनी जाऊ दिलं नाही. मी हात उचलला. तो आपोआप थांबला. तिथे गारवा होता, आणि ओल्या शाडूचा वास. खिडकीतून येत असेल म्हणावं, तर खिडकीबाहेर कंपनीची चिमणी होती. एक-दोन-तीन करताना माझा बूट कशावर तरी पडला आणि मी पटकन म्हणालो, "सॉरी वहिनी." पलीकडे गजाभाऊ शैलाबरोबर नाचत होते, ते तिथूनच म्हणाले, "लागलं नसंल फारसं."

संध्याकाळी मोकळा नाच होता. फरशी गुळगुळीत व्हावी म्हणून तिच्यावर पावडर टाकली होती. सगळी जोडपी एकमेकांवर आपटत होती, पण गजाभाऊंना कोणी धडकलं नाही. त्यांच्यापुढे आपोआप वाट होत होती. नंतर मी वाकून पाहिलं. त्यांच्या बुटांच्या खुणांसमोर पावडर पुसली गेली होती, लहान पावलांएवढी. वारा असेल. शैला मला म्हणाली, "घरी चला आता." तिचा हात मी वाटभर सोडला नाही.

रविवारी सकाळी गजाभाऊंनी सरांना विचारलं, "पुरुष मागं मागं जातो आणि बाई पुढं येते, असं हाय का काय?" सरांनी ते शिकवलं. गजाभाऊ दोन तास फक्त तेवढंच करत होते, हॉलच्या दारातून बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. जेवणाच्या सुट्टीत सरांकडून एक कॅसेट मागून घेऊन ते माझ्यापाशी आले. "तुमचा टेप मिळंल का? वहिनींना पण घेऊन चला पेणला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "गजाभाऊ, मिसेस केव्हा वारल्या हो?"

"कोण? यमुना? घरी हाय की." त्यांना माझं फारच नवल वाटलं.

एसटीत त्यांनी खिडकीची जागा रिकामी धरली आणि पलीकडे बसून नागोठणं ते वडखळ सगळं सांगितलं. यमुनावहिनी कारखान्यात डोळे आखायच्या. मूर्तीला डोळे शेवटी. डोळे नसलेली मूर्ती फुटली तर ती माती. भिजवायची, पुन्हा मळायची. डोळे आखले की देव. सहा वर्षांपूर्वी, ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी, डोळे आखलेली एक मूर्ती बाहेर नेताना वहिनी उंबऱ्याला अडखळल्या. मूर्ती फुटली. ज्यांची होती ते नको नको ते बोलले. तेव्हापासून वहिनी उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. उंबऱ्याशी आलं की नजर पायाकडे जायची आणि पाय थिजायचे.

"मी म्हणतो, कवातरी येईल," गजाभाऊ म्हणाले. "तेव्हा दार बंद नको. तिची जागा गेली, असं तिला वाटाया नको."

मला माझ्या उडालेल्या कागदांची फार लाज वाटली.

पेणला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. अंगणभर मूर्ती वाळत ठेवलेल्या, पांढऱ्या, ओळीने, आणि एकीलाही डोळे नाहीत. शंभरेक आंधळी तोंडं दाराकडे वळलेली. माझ्या अंगावर काटा आला. "घरात डोळे करतच नाय," गजाभाऊ म्हणाले. "ती बाहेर येस्तवर कुणी तिच्याकडं बघाया नको. आखणी शेजारी करून घेतो."

यमुनावहिनी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. ठेंगण्या, हसऱ्या. डाव्या पायाच्या अंगठ्याला हळदीची पट्टी बांधलेली. शैलाने विचारलं तर म्हणाल्या, "काय ठाव गो. काल दुपारी बसल्या जागी ठणकाया लागला." शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी टेपची वायर शोधू लागलो.

कॅसेट लागली. गजाभाऊ अंगणात, उंबऱ्याला पाठमोरे नव्हे, समोर तोंड करून. त्यांनी हात उचलला. वहिनींनी त्यात हात दिला, आणि ती उंची मी ओळखली. एक-दोन-तीन. गजाभाऊ मागे सरले. वहिनी उंबऱ्यापाशी आल्या, मान खाली गेली, आणि पाय थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदाही तेच. "नाय जमत हो," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

तेव्हा, जन्मात कोणाच्या डोळ्यांत न बघणारा हा माणूस सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "यमुने, वर बघ गो. आज डोळे आधी."

वहिनींनी वर बघितलं. गजाभाऊ मागे सरले. दोन पावलं झाली, तीन झाली, आणि मूर्तींच्या ओळीमधून ते दोघं पार विहिरीपर्यंत गेले. कॅसेट संपली तरी थांबले नाहीत. शैला रडत होती. मीही.

सोमवारी गजाभाऊ ऑफिसात आले. मी सवयीने कागदांवर हात ठेवला आणि म्हणालो, "येऊ द्या वहिनींना."

"आज नाय येत," ते म्हणाले. "अंगणात बसलीय."

त्यांनी मागे न बघता दार लावून घेतलं. माझे कागद जागच्या जागी राहिले, आणि मला उगाच एकटं एकटं वाटलं.