वांग्यांना पाजलेली तपकीर

"डबी मेली आपल्या पायांनी चालत गेली की काय," सासूबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या.

मी तिथेच, हातभर अंतरावर तांदूळ निवडत होते. पण कसली डबी, असं विचारायची सोय नव्हती. कारण आमच्या घरात तपकीर नव्हतीच! म्हणजे सासूबाई गेली वीस वर्षं ती ओढत होत्या आणि सगळ्या आळीला ते ठाऊक होतं. पण "आमच्या आईला कसलं म्हणून व्यसन नाही," असं आमचे हे चारचौघांत सांगत, आणि आम्ही माना डोलवत असू.

डबी मीच घेतली होती. बेत अगदी पक्का होता: झाडांवरची माव्याची कीड मरेल, वांगी वाचतील, कोणाला कळणारही नाही.

सासूबाई चातुर्मासात वांगं सोडतात आणि चंपाषष्ठीच्या भरितावर डोळे लावून बसतात. षष्ठी वीस दिवसांवर आली आणि परसातल्या सातही झाडांवर मावा पडला. गूळ बांधून आलेल्या कागदावर शेतकी खात्याचा उपाय छापलेला होता: तंबाखूच्या पाण्यात साबण घालून शिंपावं, पुढे आठवडाभर फळ तोडू नये. आता तंबाखू कुठून आणायची? मी दुकानात मागितली असती, तर पुडीच्या आधी बातमी घरी पोचली असती. तपकीर म्हणजे तरी तंबाखूचीच पूड, म्हणून सासूबाईंच्या उशाखाली हात घातला.

उपाय लागू पडला. पत्रावळ झटकल्यावर शितं पडावीत तसा मावा खाली पडला. झाडांनी माना वर केल्या, सासूबाईंनी मात्र मान टाकली. डबी भरून आणणारा गडी भिकाजी भाताच्या झोडणीला गावी गेलेला. त्यांचं डोकं ठणकू लागलं, आमटीत मीठ दोनदा पडलं, पूजेत बाळकृष्ण पालथा बसला. कबूल करावं असं दहादा मनात आलं. पण घेतली म्हणायचं, तर आधी घरात होती म्हणावं लागणार!

पाचव्या दिवशी हे परसातून धावत आले. "अगो, आई वांग्याच्या पानाला नाक लावून बसल्ये. डोळे मिटून!"

"ऊन खात असतील," मी म्हटलं.

"नाकाने?"

ह्यांनी तडक आत्मारामपंत वैद्यांना आणलं. पंतांनी नाडी धरली, जीभ पाहिली, खाकरले.

"यमुनाकाकू, एखादी सवय वगैरे, हल्ली सुटलेली..."

"छे हो," हे म्हणाले. "आमच्या आईला कसलं व्यसन!"

मी सवयीने मान डोलवली. पंत आढ्याकडे पाहू लागले. विचार करायला त्यांनी बंडीच्या खिशातून स्वतःची डबी काढली आणि टिचकी मारून झाकण उघडलं.

सासूबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हात पुढे केला.

"आणा इकडे चिमूटभर. वीस वर्षं ओढत्ये मी तपकीर. माझी होती ती हिने वांग्यांना पाजली, नि वांगी माझ्यासाठीच आहेत, म्हणून गप्प बसल्ये."